सर्वांत काळा कोंबडा

चि. मिलिंद यास,


तुझं पत्र मिळालं. सोबतचे चारही फोटो खिडकीशी उजेडात धरून नीट पाहिले. कडकनाथाची जात राखायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. शेवटी तू विचारलंस, “आत्या, यातला सर्वांत काळा कोंबडा वंशाला ठेवू ना?” त्यावर मला बरंच सांगायचं आहे आणि ते फोनवर सांगून होणारं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी ही जात कुणाची, ते लक्षात ठेव. झाबुआ, आलिराजपूर, धार या पट्ट्यातल्या भिल्ल आणि भिलाला घरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. दिवाळीनंतर देवीला वाहायचा कोंबडा म्हणूनही तिला त्या घरांत मान आहे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाच्या काळ्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली, भाव चढले, आणि भाव चढले की भेसळ होतेच. २०१९ मध्ये आपल्याकडे सांगली-कोल्हापुरात करारावर कडकनाथ पाळायला देण्याच्या नावाखाली किती शेतकरी बुडाले, ते तू वाचलं असशील. त्या माणसांचे पैसे गेलेच, शिवाय ठिकठिकाणच्या खुराड्यांत कुठल्या कुळाचा हे कुणालाच न सांगता येणारा ‘कडकनाथ’ उरला. आज बाजारात मिळणारा नर त्यातलाही असू शकतो. म्हणून तुझ्या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणून मोकळं व्हायला माझं मन घेत नाही.

कोंबडा फोटोवरून ठरवू नकोस, हातात घे. संध्याकाळी तो खुराड्यात शिरून दांडीवर बसला की धर. दिवसा मागे धावून धरलेला बिथरतो आणि नीट तपासू देत नाही. दोन्ही पाय एका मुठीत, छाती दुसऱ्या हातावर. मग छातीवरच्या पिसांवर फुंकर घाल, ती फाकतील आणि खालची कातडी दिसेल. ती सगळीकडे सारखी काळपट हवी, मध्येच फिकट चट्टे नकोत. चोच उघडून जीभ बघ, तीही काळपट-जांभळी असते. बोट छातीच्या हाडावरून पुढून मागे फिरव. हाड वाकडं लागलं तर रंग कितीही सुंदर असो, तो वंशाला नको. बोटं सरळ आहेत का, दोन पायांत अंतर राखून उभा राहतो का, हे खाली सोडल्यावर बघ. तुरा मात्र सकाळच्या उन्हात पाहायचा. दिव्याखाली सगळेच तुरे काळे दिसतात. उन्हात चांगल्या कडकनाथाचा तुरा आणि चोचीखालचे गलोल जांभळट दिसतात. लाल झाक मारत असेल तर संशय धर.

तुरा एकेरी, उभा आणि दातेरी असतो. बसका, वाटाण्याच्या दाण्यांसारखा गाठाळ तुरा दिसला तर वर कुठेतरी बाहेरचं, बहुधा असील जातीचं, रक्त आलंय असं समज. वजन वाढावं म्हणून हा संकर सर्रास करतात. कडकनाथाचा पूर्ण वाढलेला नर पावणेदोन-दोन किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वा ते दीड. तुझा दुसऱ्या फोटोतला गडी तीन किलोचा आहे असं तू कौतुकाने लिहिलंस. मला तेच वजन खटकलं.

आणि तिसऱ्या फोटोतला सोनेरी मानेचा नर तू ‘भेसळीचा वाटतो’ म्हणून बाजूला काढलास, त्याला परत आण. कडकनाथात पिसांचे तीन प्रकार मानलेत: गडद काळा, पेन्सिल्ड आणि सोनेरी. मानेवर-पाठीवर सोनेरी पिसं असणं हा दोष नाही. पिलांच्या पाठीवर गडद पट्टे दिसले तरी घाबरू नकोस, एक दिवसाचं पिलू निळसर-काळं आणि पट्ट्यांचं असू शकतं. चांगले सोनेरी नर अशा गैरसमजापायी कापले गेलेले मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी जीव हळहळलाय.

आता मुख्य मुद्द्यावर येते. काळी कातडी ही शुद्धतेची खूण आहे, असं सगळे धरून चालतात. ती तशी नाही. बेटसन आणि पनेट या दोघा शास्त्रज्ञांनी १९११ साली केंब्रिजचे प्रयोग छापले. त्यांनी कडकनाथासारख्याच काळ्या कातडीच्या सिल्की जातीचा नर तपकिरी लेगहॉर्नच्या माद्यांना लावला. माद्या निपजल्या त्या गडद काळ्या कातडीच्या, नर मात्र फिकट. जोडी उलटी लावली तर दोन्ही फिकट. त्याचं कारण असं, की काळेपणा देणारा जनुक एक आणि त्याला आवर घालणारा दुसरा. हा आवर घालणारा झेड गुणसूत्रावर बसतो. कोंबडीला एकच झेड असतो आणि तो बापाकडून येतो. बाप काळ्या जातीचा असला की त्याच्या लेकींवर आवर नसतोच, मग आई कुठल्याही जातीची असो. काळेपणा देणारा जनुक सिल्कीत आणि कडकनाथात एकच आहे, हे पुढच्या संशोधनात दिसलंय.

हे आपल्या खुराड्यात उतरवून बघ. कुणी कडकनाथ नर साध्या गावठी कोंबड्यांवर सोडला, तर त्याच्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, काळ्याच निघणार. त्या अर्ध्या रक्ताच्या. त्यांना पुन्हा कडकनाथ नर दिला, की पुढची सगळी पिलं, नर काय आणि मादी काय, काळी. चौथा हिस्सा रक्त बाहेरचं, आणि बाजारात उभं केलं तर भल्याभल्यांना ओळखता येणार नाही. म्हणून म्हणते, सर्वांत काळा कोंबडा मागायला गेलास तर तो कुणीही दोन पिढ्यांत तयार करून देईल.

तुझ्या संशयातल्या नराची परीक्षा घेता येते. त्याला काही दिवस फिकट कातडीच्या साध्या कोंबड्यांत सोड. पिलं वाढू दे, नर-मादी ओळखू आले की फक्त तलंगांची कातडी बघ, नर हिशेबात धरू नकोस. एक जरी तलंग फिकट निघाली तर त्या कोंबड्यात काळेपणाचा जनुक एकेरी आहे. सलग सात तलंगा काळ्या निघाल्या तर तो दुहेरी आहे. यात चूक होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी. पण एवढ्याने तो शुद्ध ठरत नाही, फक्त रंगाच्या बाबतीत पक्का ठरतो. आणि ती परीक्षेची पिलं अंड्यांना, खायला ठेव, वंशाच्या खुराड्यात एकही जाता कामा नये.

शुद्धता कुठे असते, तर नोंदवहीत. नर कुठून आणला, त्याची आई कोण, कुठल्या कप्प्यात जन्मला, आठव्या आठवड्याला किती भरला, त्याच्या अंड्यांतली सातव्या दिवशी उजेडावर धरल्यावर किती भरलेली निघाली. पिलू सुकलं की पायाच्या बोटांमधल्या पडद्याला बारीक भोक पाड. दोन्ही पायांचे मिळून चार पडदे, त्यांतून सोळा वेगळ्या खुणा होतात. तेवढ्यात तुझी सगळी घराणी मावतील. कप्पे तीन कर, प्रत्येकात एक नर आणि आठ-दहा माद्या. तलंगा आपल्या आईच्याच कप्प्यात राहतील, नर दर पिढीला पुढच्या कप्प्यात जाईल, तिसऱ्याचा पहिल्यात येईल. असं केलंस तर भावंडांची जोडी लागत नाही. ती लागत गेली की आधी अंडी कमी भरतात, मग पिलं कवचातच मरतात. नर बदललास की तीन आठवडे त्या कप्प्याची अंडी उबवायला घेऊ नकोस. कोंबडीच्या पोटात जुन्या नराचं बीज दोन आठवडे सहज टिकतं.

एक नर दहा माद्यांच्या सगळ्या पिलांचा बाप असतो. मादी निवडताना चुकलास तर दहावा हिस्सा बिघडतो, नर चुकला तर सगळा कप्पा. यासाठी नराची घाई करू नकोस. आठव्या आठवड्याला अधू तेवढे काढ, पाचव्या-सहाव्या महिन्यात चांगले चार-पाच ठेव, आणि अखेरची निवड वर्षाचा झाल्यावर.

निवड कुठल्या मापाने करायची, तेही सांगते. इंग्रजांकडे जातींच्या प्रमाणांचं पहिलं पुस्तक १८६५ साली निघालं, अमेरिकेत १८७४ साली. झुंजींवर कायद्याने बंदी आली तसे तिकडचे शौकीन प्रदर्शनांकडे वळले होते. आपला असील त्यांनी कॉर्नवॉलमध्ये नेला आणि त्यातून जी जात घडवली, ती आज जगभरच्या ब्रॉयलरच्या मुळाशी आहे. त्यांच्या त्या नेटाबद्दल मला आदर आहे. पण पट्टेदार प्लायमाउथ रॉकचं उदाहरण बघ. त्या जातीत नराला पट्ट्यांच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, मादीला एकच, म्हणून नर निसर्गतःच फिकट. पुस्तकाने दोघांचा रंग सारखा मागितला. मग प्रदर्शनवाल्यांनी एकाच जातीची दोन घराणी केली: एक देखणे नर मिळवायला, दुसरं देखण्या माद्या मिळवायला, आणि दोन्हीकडची उरलेली पाखरं वाया. प्रमाण हवंच, पण त्या पाखराच्या अंगात नसलेली गोष्ट त्याच्याकडून मागणारं नको. आणि कुणी तुझ्या नराला झुंजीसाठी मागायला आला तर सरळ नाही म्हण. १९६० च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तुला तेच सांगितलं असतं.

तेव्हा चौथ्या फोटोतला नर आणि सोनेरी मानेचा, हे दोघं ठेव. तीन किलोवाला आणि पहिला, ज्याचं कूळ विकणाऱ्याला सांगता आलं नाही, ते परत कर. ठेवलेले दोघं आधी तीन आठवडे वेगळे राहू दे आणि मानमोडीची लस टोचून झाल्याशिवाय कळपात सोडू नकोस. तिसऱ्या कप्प्यासाठी अंडी मी पाठवते. येत्या गुरुवारी आपला सदाशिव तुझ्याकडे यायला निघतोय, त्याच्याजवळ देईन. आली की लगेच उबवणीच्या मशिनमध्ये घालू नकोस. निमुळतं टोक खाली करून एक दिवस थंड खोलीत स्वस्थ राहू दे, मग घाल. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने कोंबडीचा नंबर लिहिलाय, तो वहीत उतरवून घे. कडकनाथाची कोंबडी खुडूक बसायला कच्ची असते, म्हणून मशिन नाही जमलं तर एखादी गावठी खुडूक शेजारून मागून आण.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या