खिळे किती ठोकायचे?

‘कॉस्ट कटिंग’! हे दोन शब्द मेलमध्ये झळकले की ऑफिसात पहिला बळी कुणाचा? चहासोबतच्या बिस्किटांचा. मग कॅबचा नंबर लागतो. मग अ‍ॅन्युअल पार्टी हॉटेलातून कॅन्टीनमध्ये येते... आणि एका सोमवारी शेजारची खुर्ची रिकामी दिसते. मी पडले फ्रीलान्सर. मला खुर्चीच नाही, त्यामुळे कात्री थेट मानधनावर. पण काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही, याचा फंडा मला कुठल्याही मॅनेजमेंट गुरूने दिला नाही. तो मिळाला हिंगोलीत, मामाच्या सुतारकामाच्या शेडमध्ये. आणि तोच पुढे भेटला पिनबॉलच्या मशीनमध्ये!

पिनबॉल आठवतोय ना? विंडोज एक्सपीवरचा, अभ्यास सोडून खेळलेला? खऱ्या मशीनमध्ये काचेखाली उतरता बोर्ड असतो, त्यावर पोलादी गोळी आणि ती पुन्हा वर उडवायला दोन फ्लिपर. हे फ्लिपर आले १९४७ मध्ये. त्याआधीचा पूर्वज म्हणजे आपला खिळ्यांचा बोर्ड, बॅगाटेल. स्प्रिंगच्या दांड्याने गोळी उडवायच्या सुधारणेचं पेटंट अमेरिकेत १८७१ मध्ये घेतलं गेलं.

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन भरतं. आकाशपाळणे, खेळणी, खाऊ, तुफान गर्दी. मी शाळेत असताना मामा त्याआधी महिनाभर असेच बोर्ड बनवायचा. एका वर्षी प्लायवूड महागलं. मामाने मागच्या बाजूचा रंग बंद केला. कडेला सागवानाऐवजी साधं लाकूड लावलं. आकडे हाताने रंगवायचे सोडून छाप्याने मारले. माल घेणारा दुकानदार म्हणाला, “खिळे पण निम्मे करा की! कोण मोजतंय?”

मामा म्हणाला, “मागचा रंग कुणाला दिसतेय? पर खिळे कमी केले की गोटी सरळ खाली येते. पोरगं दोनदा खेळतं अन् बोर्ड माळ्यावर टाकतं. पुढच्या दसऱ्याला तुमच्याकडं कोण येईल?”

गंमत म्हणजे शिकागोतही हाच हिशेब चालतो. ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ हे १९९२ चं मशीन. त्यात बोर्डाखाली लोहचुंबक होते, गोळी उचलून नेणारा यांत्रिक हात होता. म्हणजे खर्चिक खिळेच खिळे! तरी ते वीस हजारांवर विकलं गेलं. पुढे स्टर्न कंपनीने काटकसर केली, पण मागच्या रंगावर. २०१५ पासून तिच्या मशीनमध्ये एका मोठ्या सर्किटकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यांऐवजी बोर्डाखाली जागोजागी छोटी सर्किट आली. वायर कमी, जोडणी सोपी, खेळणाऱ्याला पत्ताही नाही! शिवाय एकाच खेळाची स्वस्त आणि महाग मॉडेल निघाली. २०१२ च्या ‘एसी/डीसी’च्या महाग मॉडेलात बोर्डाखाली आणखी एक छोटा बोर्ड आहे, स्वस्तात तो नाही. पण गोळीची मुख्य धावपळ दोन्हींत आहे. ती कापली असती तर उरलं असतं फक्त दिव्यांचं कपाट.

तर मंडळी, धडा सोपा वाटतो : आपण खिळा व्हायचं, मागचा रंग नाही. गोटीला वळण देणारा माणूस कोण कापेल?

थांबा. गोष्ट इथे संपत नाही. विल्यम्स ही पिनबॉलमधली दादा कंपनी. १९९९ मध्ये तिने ‘पिनबॉल २०००’ आणलं. पूर्ण मशीन न बदलता आतला खेळ बदलायची सोय, म्हणजे गिऱ्हाइकाचाही पैसा वाचणार. डोकं एकदम भन्नाट! दोन खेळ निघाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने पिनबॉल विभागच बंद केला. जुगाराच्या स्लॉट मशीनमध्ये जास्त कमाई होती. खिळे बरोबर जागी होते हो, मालकालाच बोर्ड नको होता.

मामाही आता बोर्ड बनवत नाही. पोरांच्या हातात मोबाइल आला आणि हिंगोलीत मॉड्युलर किचन आलं. मामा ट्रॉल्या बसवतो. मी विचारलं, “वाईट नाही वाटत?” तो म्हणाला, “वाटतंय ना. पर हात तोच हाय की! ट्रॉलीलाबी खिळा कुठं नाही चालत, स्क्रूच पाहिजे, ते मला कळतंय.”

पुढच्या वेळी तो मेल येईल तेव्हा बिस्किटांसाठी रडू नका. मागचा रंग आहे तो, जाऊ द्या. आपण गोटीच्या वाटेत आहोत का, एवढं बघा. आणि बोर्डच उचलला गेला तर? आपली कंपनी कोणाचीही असो, आपला हात आपलाच असतो. तो कुठल्या लाकडावर चालतो, हे बोर्ड असतानाच शोधून ठेवलेलं बरं.