मुदत सरलेली मोटार

जुन्या वस्तूंचा मोह दोन प्रकारचा असतो. एका प्रकारच्या माणसाला वस्तु जुनी आहे एवढेंच पुरतें. ती दिवाणखान्यांत मांडली, आल्यागेल्याला दाखविली, कीं त्याचें समाधान होतें. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला जुनी वस्तु चालती हवी असते. घड्याळ असेल तर त्यानें टोले दिले पाहिजेत, अडकित्ता असेल तर त्यानें सुपारी कातरली पाहिजे. आम्ही या दुसऱ्या पंथाचे. पन्नाशी उलटल्यावर आम्हांस जुन्या मोटारीचा मोह पडला, तेव्हां ती अंगणांत उभी राहून नुसती शोभा देईल ही कल्पना आमच्या मनाला शिवलीसुद्धां नाहीं. आणि म्हणूनच जी गोष्ट पहिल्या पंथाच्या माणसानें हंसण्यावारी नेली असती, तिनें आम्हांस चार महिने विचारांत पाडलें. ती गोष्ट म्हणजे गाडीच्या नोंदणीची सरलेली मुदत.

गाडी होती फियाट ११०० डिलाइट, १९७१ सालची. आमच्या पिढीच्या वाचकांना तिची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतली ही गाडी. तिच्या गोलमटोल थोरल्या बहिणीला लोकांनीं ‘डुक्कर फियाट’ असें प्रेमळ नांव दिलें होतें. १९६४ सालीं आलेली ही धाकटी तिच्या मानानें सडसडीत, मागच्या बाजूला माशाच्या परांसारखे दोन कंगोरे मिरविणारी. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबालाच बसविलेला, आणि पुढची बैठक अशी सलग कीं तिच्यावर आईच्या मांडीवरचें मूल धरून चार जीव सहज मावावेत. हीच गाडी पुढें पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून सर्वांच्या परिचयाची झाली. आमच्या लहानपणीं आळींतल्या डॉक्टरांची डिलाइट आली कीं आम्ही पोरें खेळ टाकून तिच्या चकचकीत बंपरमध्यें आपलीं वांकडीं तोंडें पाहत असूं. त्या वयांत मोटार आपल्या घरीं असावी असें वाटण्याइतकी आमची ऐपत नव्हती. ती पाहावयास मिळावी एवढेंच वाटे.

आमच्या एका स्नेह्यांनीं या गाडीचा पत्ता सांगितला. विक्रेते गृहस्थ ऐंशी ओलांडलेले, सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले इंजिनियर. गाडी त्यांनीं नवी घेतलेली. तिला दुसरा हात लागलेला नाहीं. चिरंजीव परदेशीं, काकूंना जाऊन कांहीं वर्षें झालेलीं, आणि बंगल्याच्या जागीं इमारत उठावयाची असल्यानें गाडीला जागा उरणार नव्हती. त्यांनीं पत्र्याच्या खोपट्याचें दार लोटलें, खाकी कापडाचें आच्छादन काढलें, चोक ओढला आणि किल्ली फिरविली. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालें.

“दर रविवारीं दहा मिनिटें चालवतों,” ते म्हणाले. “फाटकाबाहेर मात्र काढलेली नाहीं. दोन हजार अकरांत नोंदणीची मुदत संपली. त्याच सुमारास डोळ्यांचें ऑपरेशन झालें, हिचें आजारपण निघालें. राहून गेलें तें गेलेंच.”

आम्हीं गाडीखालीं वांकून पाहिलें. पायांखालचा पत्रा एके ठिकाणीं गंजला होता, पण चौकट शाबूत होती. इंजिनाचा आणि चेसिसचा क्रमांक त्यांनीं जपून ठेवलेल्या नोंदणी-पुस्तकाशीं अक्षरशः जुळत होता. पुस्तकाचीं पानें पिवळीं पडलीं होतीं. क्रमांक १९८९ पूर्वीच्या मालिकेंतला, तीन इंग्रजी अक्षरांचा. “काका, किंमत काय धरलीत?” असें आम्हीं विचारलें. ते थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “भंगारवाला येऊन गेला. किलोच्या भावानें मागतो. तुम्ही काय द्याल तें द्या, प्रोफेसर. पण तिला काट्यावर घालूं नका.”

येथें कायद्याचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची ठरविली आहे; पुढें गाडी तपासून घेऊन ती पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते. मुदत सरली कीं गाडी मोडत नाहीं, तिचें इंजिन बंद पडत नाहीं. पण सार्वजनिक रस्त्याच्या दृष्टीनें ती नाहींशी होते. रस्त्यावर आणलीच तर पहिल्या गुन्ह्यास पांच हजार रुपयांपर्यंत दंड. मालकी बदलावयाची तर विकणाऱ्यानें राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांच्या आंत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळविलें पाहिजे; नमुना क्रमांक २९ आणि ३० हे त्यासाठींच आहेत. हें सारें वाचावयास रुक्ष आहे हें आम्ही जाणतों. परंतु या रुक्ष कलमांच्या आड एक फार मोठा प्रश्न दडलेला आहे: या वस्तूबद्दल जगाला जाब कोण देणार?

या व्यवहारांतल्या एका माहीतगार गृहस्थांनीं आम्हांस सोपा मार्ग सुचविला. “स्टँप पेपरवर करार करा, म्हाताऱ्याच्या कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन ठेवा, गाडी घरीं आणा. नांवावर करायचं तें सवडीनं करा. मुदत संपलेली आहे, म्हणजे त्यांना दुसरं गिऱ्हाईक नाहीं. अर्ध्या किंमतींत देतील.” सल्ला व्यवहारांतला होता आणि त्यांत बेरीज-वजाबाकीची चूक नव्हती. तो ऐकतांना आम्हांस मात्र सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा एक निकाल आठवत होता. एक मोटार एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली जात गेली, पण दफ्तरीं नांव पहिल्याचेंच राहिलें. पुढें अपघात झाला. न्यायालयानें सांगितलें कीं, ज्याचें नांव नोंदींत आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे आम्हीं कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन गाडी आणली असती, तर सुकाणू आमच्या हातीं राहिलें असतें आणि जोखीम मात्र त्या वृद्ध गृहस्थांच्या माथीं. ज्यानें आपली लाडकी वस्तु विश्वासानें दिली, त्याच्याच नांवाची ढाल करून आपण मिरवावयाचें, याला व्यवहार म्हणत असतील. आम्हांस तें खरेदी म्हणण्याजोगें वाटलें नाहीं.

पण खरी अडचण किंमतीची होती. मुदत सरलेली गाडी स्वस्त मिळते ती कां, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. तिचे दोन भाग करतां येतात. पहिला भाग खर्चाचा: नूतनीकरणाचें शुल्क, जें १ एप्रिल २०२२ पासून सहाशें रुपयांवरून एकदम पांच हजारांवर गेलें होतें, शिवाय उशिराबद्दलची आकारणी, पर्यावरण कर, विमा, गंजलेला पत्रा आणि ब्रेकचें काम. हा खर्च घेणाऱ्याला करावा लागणार असेल तर तो किंमतींतून वजा होणें न्याय्यच आहे. दुसरा भाग भीतीचा. विकणारा थकलेला आहे, कचेरीच्या पायऱ्या त्याच्यानें चढवत नाहींत, जागा रिकामी करण्याचा दिवस जवळ येत चालला आहे आणि दाराशीं भंगारवाला उभा आहे, या सगळ्याचा मिळून एक भाव होतो. तो भाव गाडीचा नसतो, माणसाच्या असहायपणाचा असतो. बाजारांत हे दोन्ही भाग एकत्र कालवून एकच आंकडा सांगतात, आणि घेणारा हुशार ठरतो.

आम्ही संत नाहीं. पेन्शनचा हिशेब आम्हांसही करावा लागतो, आणि घरांतून “एवढ्यांत नवी छोटी गाडी आली असती” हा आहेर दररोज मिळत होता. तरी एका संध्याकाळीं आम्ही कागद घेऊन बसलों. चालत्या, नोंदणी शाबूत असलेल्या अशाच गाड्यांच्या किंमती चार ठिकाणीं विचारून आम्हीं एक आंकडा मांडला. त्यांतून पहिल्या भागाचा खर्च बाबवार वजा केला. दुसऱ्या भागाचें कांहींच वजा केलें नाहीं. तो कागद काकांपुढें ठेवला. त्यांनीं चष्मा काढून, भिंग लावून तो इंजिनियरच्या शिस्तीनें तपासला आणि ब्रेकच्या रकमेवर बोट ठेवून म्हणाले, “हें काम एवढ्यांत होणार नाहीं. आणखी दोन हजार धरा.” विकणाऱ्यानें आपलीच किंमत कमी करून दिल्याचें आम्हीं आयुष्यांत दुसऱ्यांदा पाहिलेलें नाहीं. आम्हीं इसार दिला. क्रम ठरला तो असा: आधीं नूतनीकरण त्यांच्या नांवें, मग हस्तांतरण, आणि तेव्हांच उरलेली रक्कम.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे आहेत ते केवळ धीराचा धडा म्हणून. जुनी नोंद कचेरींतल्या वहींत होती, पण संगणकावर चढविलेली नव्हती. तेव्हां प्रथम ती वही सांपडणें आलें. गाडी तपासणीला न्यावयाची, पण तपासणी झाल्याखेरीज ती रस्त्यावर चालवावयाची नाहीं. तेव्हां ती दुसऱ्या वाहनाच्या पाठीवर बसून, एखाद्या आजारी हत्तिणीसारखी, गांवभर मिरवत गेली. चेसिसवर कागद धरून पेन्सिलीनें घांसून क्रमांकाचा ठसा घेण्यांत आला. काका त्या दिवशीं हट्टानें आले होते. तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्यानें दिव्यांचीं बटणें शोधलीं, तीं त्याला सांपडेनात. तेव्हां काकांनीं खिडकींतून हात घालून न पाहतां दिवे लावून दाखविले.

त्याच ठिकाणीं एकानें आम्हांस विचारलें, कीं एवढी खटपट करण्यापेक्षां ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद कां घेत नाहीं? प्रश्न बरोबर होता. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या खासगी गाड्यांसाठीं स्वतंत्र नियम केले. त्या नियमांप्रमाणें नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क आणि मुदत दहा वर्षांची. गाडीचा मान त्यांत मोठा आहे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, शर्यत-मेळावा, संशोधन, पेट्रोल भरणें किंवा दुरुस्ती एवढ्याच कामांसाठीं रस्त्यावर आणतां येते. रविवारीं मंडईंतून मेथीच्या जुड्या आणावयास तिला परवानगी नाहीं. आम्ही आरंभीं सांगितलेल्या दुसऱ्या पंथाचे असल्यामुळें आम्हीं साधें नूतनीकरणच पत्करलें. जुन्या वस्तूला पूज्य ठरविणें हाही तिला निवृत्त करण्याचा एक सभ्य मार्ग आहे.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, तेव्हां वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. टॅक्सीला तेथें वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. तिचें मरण ठरलेल्या तारखेचें असतें. आपल्याकडे खासगी गाडीला तशी तारीख नाहीं. ती तपासणींत उतरत राहील तोंवर जगते. ती बहुधा मरते ती कुणाच्या तरी आजारपणांत, कुणाच्या परदेशगमनांत, ‘पुढल्या महिन्यांत करूं’ या शब्दांत. गंजापेक्षां राहून जाण्यानें अधिक गाड्या मोडीत गेल्या असाव्यात, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. आणि ही गोष्ट केवळ मोटारींपुरतीच खरी आहे असें नाहीं.

अखेर हस्तांतरण झालें. उरलेली रक्कम दिली त्या दिवशीं काकांनीं दुसरी किल्ली, हवेचा दाब मोजण्याचें यंत्र आणि १९७१ पासूनच्या पेट्रोलच्या नोंदींची वही आमच्या हवालीं केली. वही अर्धी कोरी आहे. थोड्या दिवसांनीं टपालानें नवें प्रमाणपत्र आलें. क्रमांक तोच, जुना, तीन अक्षरांचा. नांवाच्या जागीं आमचें नांव होतें. पण आमची नजर गेली ती एका लहानशा रकान्याकडे. तेथें मालकाचा अनुक्रमांक छापलेला असतो. त्यांत ‘२’ असा आंकडा होता. तो पाहून आम्हीं त्याच दुपारीं एक पाकीट घेतलें, त्यांत सगळे कागद तारीखवार लावले, आणि नूतनीकरणाची पुढची तारीख त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवली. तीन नंबरच्या माणसाला वही शोधत बसावें लागूं नये.