चैत्रातली फूट

द्राक्षबाग म्हटली की नाशिक, सांगली, सोलापूर. चंद्रपूरचं नाव त्या यादीत नाही आणि व्यापारी शेतीच्या हिशेबाने ते नसणंच रास्त आहे. इथला मे महिना पारा 45 अंशांच्या पुढे नेतो आणि जुलै-ऑगस्टात झड लागली की पानं वाळतच नाहीत. पण परसातल्या चार वेलींना बाजाराचा हिशेब लागत नाही. बांबूचा मांडव, विहिरीचं पाणी आणि मार्च ते मे रोज सकाळी वेलीखाली उभं राहायची तयारी, एवढ्यावर त्या इथेही फळतात. त्यातही मी तिसऱ्या गोष्टीला सगळ्यांत जास्त मोल देतो.

थंड मुलखातली द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते, वसंतात जागी होते आणि त्याच फुटीवर घड धरते. महाराष्ट्रात तिला अशी झोप मिळत नाही. म्हणून आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ येतं ते गोडी छाटणीनंतर. त्यामुळे हौशी माणूस सगळा जीव ऑक्टोबरात लावतो आणि उन्हाळ्यातली फूट वेलीच्या मर्जीवर सोडतो. खरं तर ऑक्टोबरात जो घड बाहेर पडतो, त्याची घडण उन्हाळ्यातच झालेली असते. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत, हिरव्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत, घड व्हायचा की नुसता तणावा व्हायचा हे ठरतं. बाहेरून काही दिसत नाही, सूक्ष्मदर्शकच हवा. त्या दिवसांत लख्ख ऊन मिळालं तर घड. ढगाळ हवा, गर्द सावली किंवा नत्राचा मारा झाला तर तणावा.

इथलं वेळापत्रक यावरूनच बसवायचं. जूनच्या मध्याला आपल्याकडे पाऊस येतो. तिथून दोन महिने मागे मोजले की एप्रिलचा मध्य येतो. पण तोवर ऊन इतकं चढलेलं असतं की कोवळी फूट करपते. म्हणून मी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात छाटतो. फेब्रुवारीअखेर घड उतरले की वेलीला दोनेक आठवडे विसावा, शेणखत, पाणी. मग प्रत्येक काडी एका डोळ्यावर आणायची. ओलांडा, म्हणजे मांडवावरची आडवी जाड फांदी, उघडा पडला की पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायचं, म्हणजे फूट एकसारखी येते. बागायतदार डोळे फोडायला जे रसायन लावतात, ते अंगावर उडालं तरी घातक. घराच्या अंगणात त्याला जागा नाही.

असल्या उन्हात कोवळी पालवी काढणं हा वेलीवर जुलूम आहे, असं पुष्कळांना वाटतं. त्यांनी एप्रिलमध्ये मूलच्या किंवा आलापल्लीच्या रस्त्याने जाऊन यावं. साग निष्पर्ण उभा असतो, पण मोहफुलं गळून गेली की मोहाला तांबूस पालवी फुटते, कुसुम तर लालभडक होतो. खोल मुळं असलेली झाडं ऐन वैशाखाच्या तोंडावर पालवतात. आपल्या रानात द्राक्षाच्या कुळातली एक जंगली वेलही आहे. ती उन्हाळाभर जमिनीखालच्या कंदात दडी मारते आणि पावसाच्या चाहुलीने वर येते. परसातल्या वेलीला कंद नाही. तिला मोहाचीच वाट धरावी लागते. म्हणून मी तिला रोज ओंजळभर पाणी देत नाही; चार-पाच दिवसांनी आळं भरून, खोल मुरेल असं देतो आणि वर धानाच्या तणसाचा वीतभर थर. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी चुकूनही घालू नये. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पानांच्या कडा जळतात. राख टाकायची तर चुलीतली, लाकडाची.

डोळा फुगतो तेव्हा जवळ जाऊन बघावं. तपकिरी खवले सैल होतात, आतून बारीक लव बाहेर येते, मग गुलाबी टोकाचा पोंगा. याच अवस्थेत उडद्या भुंगेरे येतात आणि पोंगा आतून पोखरतात. तो डोळा गेला म्हणजे त्या जागची काडी गेली. छाटणी झाल्याबरोबर खोडाची सुटी साल काढून जाळली की त्यांचा आसरा मोडतो. उरलेले पहाटे, अंगात सुस्ती असताना, खाली धोतर पसरून वेल हलवली की टपटप पडतात.

फूट चार-पाच पानांची झाली की विरळणी. धट्टीकट्टी दिसणारी फूट खुडताना हात अडतो, पण काड्यांत चार बोटांचं अंतर हवंच, नाहीतर खालच्या डोळ्यांना ऊन मिळत नाही. सात पानांवर शेंडा मारायचा. बगलेतून निघालेली वरची फूट पुढे वाढू द्यायची, ती सबकेन. तिचाही शेंडा पाच पानांवर. त्यापुढच्या फुटीसह एकूण पंधरा-सतरा पानं झाली की पुरे. शेंडा थांबला की काडीत अन्न साठतं. हे काम रोज बघणाऱ्याचंच आहे. थॉम्पसन या वाणातून वेगळी निवड करून सोनाका हा वाण नान्नज गावच्या नानासाहेब काळे यांनी दिला, तो याच नजरेतून.

पावसाळ्यात केवडा हा रोग येणारच. त्याला बोर्डो मिश्रण: दहा लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगळे भिजवून मग एकत्र. फवारणी उघडीप मिळेल तेव्हा. ऑगस्टअखेर एखादी काडी कापून पाहावी. साल आणि आतला गाभा तपकिरी झाला असेल तर उन्हाळ्याची मेहनत पावली. हिरवा असेल तर नत्र पूर्ण बंद करावं आणि कोवळे शेंडे खुडत राहावेत.

चंद्रपूर-गडचिरोलीत ज्यांच्या परसात विहीर आहे आणि दिवसभर ऊन पडणारा एक कोपरा आहे, त्यांनी डॉगरिज खुंटावरचं एक तरी कलम लावावं. घडांची घाई करू नये. पहिली दोन वर्षं फक्त खोड आणि ओलांडे घडवावेत, आणि पुढे दरवर्षी मार्चअखेरपर्यंत खरड छाटणी उरकावी.