लोटीभर पाण्याची परीक्षा

सांवेर रोडवरील आमच्या लोणच्याच्या कारखान्यात पाहुणे आले म्हणजे त्यांची ओळख प्रथम उस्तादांशी करून दिली जाते, कैरीच्या पिंपांशी नंतर. उस्ताद म्हणजे आमचे चालक. सव्वीस वर्षे त्यांनी आमचा माल उज्जैन, देवास, धार येथे पोहोचविला आणि पावसाळ्यातील खड्ड्यांतूनही काचेच्या बरण्या अभंग उतरविल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सांवेर रोडच्या गर्दीत दिवसाकाठी शेकडो वेळा क्लच दाबावा लागतो. ते आता विसरा, असे डॉक्टरांनी बजावले.

त्यांना घरी बसविणे आमच्या जिवावर आले. म्हणून चिरंजीवांच्या आग्रहाने आम्ही स्वयंचलित गिअरची पिकअप घेतली. किंमत ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात मुलीचे लग्न झाले असते." मुलीचे लग्न होऊन नऊ वर्षे झाली आहेत, परंतु आमच्या घरातील मापे बदलत नाहीत.

पहिले काही महिने सुखाचे गेले. मग बरण्या फुटू लागल्या. एका खेपेस दोन, दुसऱ्या खेपेस पाच. एके दिवशी उज्जैनहून व्यापाऱ्याचा फोन आला आणि आम्ही बोलू नये ते बोलून गेलो, "उस्ताद, पाय आता पूर्वीसारखा राहिला नाही." त्यांनी उत्तर दिले नाही. गाडीची चावी आमच्या टेबलावर ठेवली आणि ते बाहेर जाऊन बाकावर बसले.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव स्वतः गाडी घेऊन गेले व परत येऊन म्हणाले, "बाबा, उस्तादांचा दोष नाही. वेग कमी होताना तिसऱ्यातून दुसऱ्यात येते तेव्हा गाडीच हिसका देते." वर्कशॉपमध्ये चौकशी केली तर उत्तर मिळाले, नवे सॉफ्टवेअर आले आहे, ते घातले की हिसका जाईल. आम्हांस हे पटेना. लोखंडाच्या दातेरी चाकांना सॉफ्टवेअरने काय होणार? देवाला नैवेद्य दाखवून नळाला पाणी आणण्यासारखेच ते वाटले.

पण माहिती काढता आमचा ताठा थोडा उतरला. अशा गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसेच तेथे तेलाच्या प्रवाहाने घडते. पुढे ग्रहमालेसारखी रचलेली चाके असतात, आणि त्यांतील कोणते धरायचे, कोणते सोडायचे हे तेलाच्या दाबाने आवळणारे लहान लहान क्लच ठरवितात. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' नावाचा स्वयंचलित गिअर दिला, तेव्हा हा सारा कारभार केवळ तेल, झडपा आणि स्प्रिंगा यांच्यावर चाले. आता झडपांना हुकूम देतो तो संगणक. एक क्लच सुटताना दुसरा क्षणभर आधी आवळला तर हिसका बसतो, क्षणभर उशिरा आवळला तर इंजिन उगाच गुरगुरते. तो क्षण कोणता, हे सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले असते. शिवाय ही यंत्रणा प्रत्येक बदलाचा परिणाम पाहून पुढच्या वेळी आपला अंदाज सुधारीत जाते. म्हणजे चूक अंदाजात असेल तर सॉफ्टवेअरने ती सुधारेल. झिजलेली चकती मात्र त्याने नवी होणार नाही.

अमेरिकेतही हा प्रश्न लोकांना पडलेला आहे. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तयार केलेला दहा गिअरांचा संच फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये २०१७ च्या नमुन्यापासून आला. त्याच्या हिसक्यांबद्दल २०१९ साली तेथे न्यायालयात दावा गेला. कंपनीने वर्कशॉपांना पाठविलेल्या सूचनांत काही ठिकाणी सॉफ्टवेअर नव्याने घालण्यास सांगितले आहे, तर काही ठिकाणी गिअरबॉक्स उघडून आतील भागच बदलण्यास.

तरीही मनाचे समाधान आणि खरा गुण यांत फरक कसा करावा? चिरंजीवांनी युक्ती काढली. स्वयंपाकघरातील पितळी लोटी काठोकाठ भरून परातीत ठेवायची, ती परात गाडीत शेजारच्या आसनापुढे ठेवायची, आणि कारखान्यापासून गोदामापर्यंतच्या खेपेत सांडलेले पाणी व्हिनेगरच्या मापाने मोजायचे. सॉफ्टवेअर केव्हा घातले हे उस्तादांना कळू द्यायचे नाही. गाडी सर्व्हिसिंगला गेली, एवढेच सांगायचे. त्यांची समजूत घालून चावी आम्ही त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती घेतली, पण आमच्याकडे न पाहता.

आधी तीन दिवस सरासरी नव्वद मिलिलिटर पाणी सांडत होते. नवे सॉफ्टवेअर घातले त्या दिवशी एकशेदहा! आम्ही विजयी मुद्रेने चिरंजीवांकडे पाहिले. ते म्हणाले, थांबा. जुने शिकलेले पुसले गेले आहे, आता गाडी पुन्हा पहिल्या इयत्तेत आहे. बारा दिवसांनी माप तीसवर आले. आम्ही मुकाट्याने आकडा वहीत लिहिला. त्याच संध्याकाळी उस्ताद आपण होऊन म्हणाले, "साहेब, गाडीला काहीतरी केलेत. आता ती पायाखाली ओळखीची वाटते."

कथा येथे संपली असती तर वर्कशॉपची कीर्ती आम्हीच गायली असती. परंतु मे महिन्यात हिसके परत आले आणि या खेपेस गाडी तापली की अधिक. वर्कशॉपने सांगितले, आणखी एक सॉफ्टवेअर येणार आहे, वाट पाहा. आम्ही वाट पाहिली. उस्तादांनी पाहिली नाही. रोज सकाळी गाडी हलविल्यावर ते खाली वाकून फरशी पाहत. चौथ्या दिवशी त्यांनी आम्हांस हाताला धरून नेले व तांबूस तेलाचा रुपयाएवढा डाग दाखविला. गिअरचे तेल थंड करणाऱ्या नळीचा जोड पाझरत होता. जोडातील रबरी कडे बदलले, तेल पुरे केले, आणि हिसका गेला. या दोषावर कोणतेही सॉफ्टवेअर चालले नसते. तेलच पुरेसे नसेल तर दाबाचा हुकूम कोणावर चालावा?

उज्जैनचा हा रस्ता २०२८ च्या सिंहस्थासाठी सहापदरी व्हावयाचा आहे; त्याचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते झाले. तो झाला म्हणजे बरण्यांची काळजी अर्धी होईल, असे आम्ही परवा उस्तादांना म्हणालो. मग बराच वेळ घोटाळून त्या दिवशीच्या पायाबद्दलच्या बोलण्याची क्षमाही मागितली. ते चावीवरची धूळ सदऱ्याला पुसत राहिले व म्हणाले, "साहेब, बाईसाहेब दोन महिन्यांपासून लोटी मागताहेत. ती अजून गाडीतच आहे."