उधाण, भांग आणि वलांडी

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो, पण डोल जाळीवाल्याचं मन वेगळ्याच हिशेबात गुंतलेलं असतं: उधाण कधी, भांग कधी?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. ते दोन महिने मढ-वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत बोटी शाकारलेल्या, ओट्यांवर जाळ्यांची डागडुजी. बाहेरच्याला ही सुट्टी वाटते. हात कामात असतात, जीव मात्र समुद्राकडे.

मग डोल लागते. पिशवीसारखं हे जाळं माशामागे धावत नाही. एका जागी बांधलेलं राहतं आणि भरती-ओहोटीचा ओढा मासळी आत आणतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोंबील, करंदी, मांदेली, जवळा. अष्टमीच्या भांगाला ओढा मंदावतो आणि जाळंही हलकं येतं. मेहनतीपेक्षा तिथी मोठी, हे पचवणं सोपं नसावं.

बोंबील वाळवायच्या वलांडीवर मात्र माणसाची कारागिरी दिसते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची. गाठ नाही, सुई-दोरा नाही. पाणचट अंगाचा हा मासा उन्हात कडक वाळतो. अवकाळी पाऊस आला, की टांगलेला माल कोळणीच्या डोळ्यांदेखत सडतो.

पापलेटची चिंता निराळी. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य मासा केलं. मान मिळाला, तरी बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या जाळ्यात पिल्लं येतातच, आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळतं. आस मोठा करावा, तर जवळा निसटतो. आणि सुक्या जवळ्यावर तर कितीतरी घरांचा पावसाळा निघतो.