अधूनमधूनचे दुखणे

पूर्णपणे बंद पडलेल्या वस्तूविषयी आमची कधीच तक्रार नसते. घड्याळ थांबले, दुरुस्तीला द्यावे. दिवा गेला, नवा आणावा. माणसाचा खरा अंत पाहते ते अधूनमधूनचे दुखणे. वैद्य दारात आला की ते पळते आणि त्याची पाठ वळताच पुन्हा हजर होते. असेच एक दुखणे गेल्या हिवाळ्यात आमच्या नव्या रायपुरातील बिऱ्हाडी आले आणि तीन महिने मुक्कामाला राहिले.

जुन्या रायपुरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर वसवलेली ही छत्तीसगडची नवी राजधानी. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारण्याचे धैर्य होत नाही. मराठी बोलणे ऐकावे तर शहरातल्या महाराष्ट्र मंडळापर्यंत जावे लागते. म्हणून आम्ही टीव्हीला स्ट्रीमिंगची एक कांडी जोडली. शनिवारी रात्री आठला आम्ही येथे आणि आमच्या मातोश्री तिकडे वाईला, एकच मराठी नाटक एकाच वेळी लावतो. पूर्वी वडील आणि त्या जोडीने नाटकाला जात. वडील गेल्यापासून त्यांच्या शेजारची खुर्ची आम्ही हजारावर किलोमीटरांवरून सांभाळतो.

आणि नेमके साडेआठच्या सुमारास चित्र थिजे. पडद्यावर ते छोटे वर्तुळ फिरू लागे. पाच-दहा मिनिटांनी सारे आपोआप सुरळीत होई. पण तेवढ्यात नाटकातले घर उद्ध्वस्त झालेले असे. मग आम्ही फोन करावा आणि मातोश्रींनी सांगावे, "अरे, थोरला घर सोडून निघाला बघ! आणि तुमचं पुन्हा अडलं का?"

आम्ही प्रथम इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दोष दिला. तिचा माणूस सोमवारी सकाळी आला, त्याने वेग मोजला, तो उत्तम निघाला आणि तक्रार निकालात निघाली. कचेरीत आम्हीही अनेक तक्रारी अशाच निकालात काढतो. त्यामुळे रागावण्याची सोय नव्हती. पुढे आम्ही एकाच दिवशी राउटर बंद करून चालू केला, कांडीची प्रणाली अद्ययावत केली आणि टीव्हीच्या यूएसबी खाचेतून कांडीला मिळणारी वीज अपुरी असेल, या शंकेने तिला भिंतीतल्या प्लगवर स्वतंत्र अडॅप्टर दिला. त्या शनिवारी नाटक अखंड चालले. तिन्हींपैकी कोणता उपाय लागू पडला, हे कळेना. आणि पुढल्या शनिवारी वर्तुळ पुन्हा फिरले तेव्हा एकही लागू पडला नव्हता, एवढे मात्र कळले.

अखेर कारकून कारकुनी पेशावर आला. आम्ही एक वही घातली. रकाने आखले : तारीख, वेळ, राउटरचे दिवे, फोनवर तेच नाटक चालते काय, घरात आणखी काय चालू आहे. एका वेळी एकच बदल करावयाचा, असा दंडक घातला. चार शनिवारांत वही बोलू लागली. राउटरचे दिवे दर वेळी हिरवे आणि फोनवर नाटक सुरळीत. म्हणजे बाहेरची तार निर्दोष. आणि शेवटच्या रकान्यात चारही वेळा एकच नोंद : मायक्रोवेव्ह.

शनिवारी रात्री आमच्या स्वयंपाकघराला अर्धी रजा असते. दुपारची आमटी, भाजी, भात एकामागून एक त्या यंत्रात गरम होतात. ते यंत्र २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर अन्न तापवते. आमची कांडी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत होती. यंत्राची शक्ती सात-आठशे वॅट, वायफायची एका वॅटचा जेमतेम दहावा भाग. दारातून निसटणारा लहरींचा अंश माणसाला अपाय करीत नाही, पण ते नाजूक संभाषण बुडवण्यास पुरेसा होतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर असल्याने बचावला होता. मधल्या त्या एका शनिवारी आम्ही शेजाऱ्यांकडे जेवून आलो होतो, हेही तेव्हा आठवले.

मग एवढे दिवस हे ध्यानात का आले नाही? कांडी चित्राचा थोडा साठा आधीच करून ठेवते. यंत्र सुरू झाल्यावरही काही काळ त्या शिलकीवर नाटक चालते. चित्र थांबेपर्यंत आमटी टेबलावर येऊन भाजी आत गेलेली असे. अपराध आणि शिक्षा यांत अंतर पडले की अपराधी सापडत नाही. आम्ही कंपनीला, ढगांना, नव्या राजधानीला बोल लावत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

उपाय दहा मिनिटांचा निघाला. लोखंडी कपाटामागे दडवलेला राउटर बाहेर उघड्यावर घेतला. भिंतींतून जाताना ५ गिगाहर्ट्झचा जोर लवकर ओसरतो. म्हणूनच बिऱ्हाड लावताना कांडीला आम्हीच दुसऱ्या पट्ट्यात घातले होते. आता तिला ५ वर आणले.

त्या शनिवारी नाटक पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत अखंड झाले. आम्ही विजयी मुद्रेने फोन केला. मातोश्री म्हणाल्या, "आज काही अडलं नाही वाटतं?" आणि गप्प झाल्या. सांगण्यासारखे त्यांच्याकडे काही उरले नव्हते. तीन महिने आम्ही जिला बिघाड म्हणत होतो, ती त्यांची बोलण्याची पाळी होती.

वहीतली ती शेवटची नोंद आम्ही अजून पुरी केलेली नाही. मात्र हल्ली शनिवारी जेवण गरम करण्याचे काम आमच्याकडे आहे. साडेआठला आम्ही उठतो, आमटी, भाजी, भात सावकाश तापवतो. इकडे नाटक न थांबता पुढे जाते. पाने वाढून झाली की आम्ही वाईला फोन लावतो आणि विचारतो, "आई, मधे काय झालं गं?"