उसने शब्द आणि कूळ

थ्रेसियन भाषेचे स्लाव भाषांशी नाते शोधणाऱ्यांच्या हाती मोजके कोरीव लेख आणि विशेषनामे एवढेच उरले आहे. १९१२ साली सापडलेल्या एझेरोवोच्या अंगठीवरील ६१ अक्षरांचाही सर्वमान्य अर्थ लागलेला नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद परिसरात सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली मात्र अजून बोलली जाते. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाने तिला मुंडा गटात बसविले. तिच्यात कोरकू शब्द विपुल आहेत; दोन ते चार या संख्यांची नावे द्राविडी, पाचापासून पुढची आर्यभाषांतली. तरीही सुमारे चतुर्थांश शब्द कोणत्याच ज्ञात कुलाशी जुळत नाहीत, हे कायपर यांनी १९६२ साली दाखविले. उसनवारीवरून कूळ ठरवू नये, हा धडा मला ग्रंथांपेक्षा या भाषेने अधिक पटविला. थ्रेसियनला आता काही विचारता येत नाही; निहालीला येते, तिचे भाषक आहेत तोवरच.